‘द एन्चान्टेड एप्रिल’ मराठीत आणताना: कामाच्या नोंदी

एलिझाबेथ फॉन आर्निम यांची १९२२ची कादंबरी. लंडनच्या पावसाला आणि घराला कंटाळलेल्या दोन बायका, लॉटी विल्किन्स आणि रोझ आर्बथनॉट, वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून इटलीत महिनाभरासाठी एक जुना कॅसल भाड्याने घेतात. खर्च वाटून घ्यायला आणखी दोघी अनोळखी बायका, मिसेस फिशर आणि लेडी कॅरोलाइन, सोबत येतात आणि महिनाभरात चौघीही उमलून येतात. काम दोघांत वाटलेलं: एकाने अनुवाद करायचा, दुसरीने मूळ इंग्रजी समोर ठेवून ओळ न् ओळ तपासायची. अशीच एखादी जुनी इंग्रजी कादंबरी हातात घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

६ जानेवारी: हक्क

लेखिका ९ फेब्रुवारी १९४१ रोजी वारल्या. भारतात मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची, म्हणजे २००१ अखेर लेखनाचे हक्क (कॉपीराइट) संपले. ब्रिटनमध्ये ७० वर्षं, म्हणजे २०११ अखेर. अनुवादासाठी परवानगी नको, मानधन नको. मात्र नव्या पेपरबॅक आवृत्त्यांमधल्या प्रस्तावना आणि टिपा अलीकडच्या लोकांनी लिहिलेल्या असतात, त्यांचे हक्क जिवंत असतात. त्यातलं एक वाक्यही उचलायचं नाही, असं पहिल्याच दिवशी ठरवलं. १९९१चा चित्रपटही वेगळी मालमत्ता. (त्याने पुढे दुसऱ्याच प्रकारे त्रास दिला, तो मे महिन्यात.)

९ ते १४ जानेवारी: संहिता, आणि पहिली चूक

इंटरनेटवरचा साधा मजकूर घेतला. २२ प्रकरणं. साध्या मजकुरात तिरपे शब्द दोन अधोरेषांच्या मध्ये दिलेले असतात. फाइल स्वच्छ करण्याच्या नादात आम्ही सगळ्या अधोरेषा एका फटक्यात काढून टाकल्या आणि मूळ फाइल जपून ठेवली नव्हती. दुसऱ्यांदा उतरवून दोन्ही फाइली जुळवण्यात तीन संध्याकाळी गेल्या.

तिरप्या शब्दांचं एवढं काय, असं वाटू शकतं. पण लॉटी विल्किन्स ही बाई बोलताना कुठल्या शब्दावर जोर देते, यावरच तिचं अर्धं पात्र उभं आहे. मराठी छापात तिरपी अक्षरं वाचवत नाहीत आणि त्यांची गरजही नसते. तो जोर ‘च’, ‘तर’, ‘ना’, ‘की’ यांच्यावर सोपवायचा. ‘आहे’ तिरपं करण्यापेक्षा ‘आहेच’ बरं. पण त्यासाठी मूळ जोर कुठे होता हे माहीत हवं. मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा, तिला हात लावू नका.

१८ जानेवारी: जाहिरात

कादंबरी ‘टाइम्स’मधल्या जाहिरातीवर उभी आहे, म्हणून ती आधी केली. पाच मसुदे झाले. अडचणी दोन.

पहिली, कॅसल. ‘किल्ला’ म्हटलं की मराठी वाचकाला बुरूज, तटबंदी आणि धापा टाकत केलेली चढाई दिसते. तिथे कुणी महिनाभर फुलं बघायला जात नाही. ‘राजवाडा’ फार श्रीमंत. ‘वाडा’ गावाच्या मधोमध येतो. शेवटी ‘गढी’ घेतलं: उंचवट्यावरचं, तटबंदीचं, पण राहतं घर. लेखिका १९२१च्या वसंतात इटलीतल्या पोर्तोफिनोच्या ज्या कास्तेलो ब्राउनमध्ये राहिल्या, तिथूनच कादंबरीतला कॅसल, सान साल्वातोरे, आला. तेही टेकडीवरचं, बेताच्या आकाराचं आहे. ‘गढी’ला पडक्या मातीच्या भिंतींचा थोडा वास येतो खरा. तो चालवून घेतला.

दुसरी, ऊन. जाहिरात विस्टेरिया (जांभळ्या फुलांची वेल) आणि सूर्यप्रकाश आवडणाऱ्यांना उद्देशून आहे. ‘सूर्यप्रकाश’ हा भूगोलाच्या पुस्तकातला शब्द. ‘ऊन’ म्हटलं की एप्रिलमधला मराठी माणूस डोक्यावर रुमाल घेतो. ‘कोवळं ऊन’ चार मसुद्यांत टिकलं आणि पाचव्यात उडालं, कारण सहाव्या प्रकरणात ऊन अगदी रखरखीत तेजाने फुलांवर पेटलेलं आहे, कोवळं मुळीच नाही. अखेर नुसतं ‘ऊन’ ठेवलं आणि भार दुसऱ्या टोकाला दिला: त्याआधीचा लंडनचा पाऊस नकोसा झाला पाहिजे. आपल्याकडे पाऊस म्हणजे सुख, त्यामुळे ‘पाऊस पडत होता’ एवढ्याने भागत नाही. ‘काजळीने मळलेली रिपरिप’ केलं. मग पुढचं ऊन आपोआप हवंहवंसं होतं.

बाकीची जाहिरात छोट्या जाहिरातींच्या भाषेतच: ‘एप्रिल महिन्यापुरती सामानासह भाड्याने देणे आहे. आवश्यक नोकरचाकर तिथेच राहतील.’

२३ जानेवारी: बेगमी

पहिल्याच पानावर शब्दखेळ. मेलर्श विल्किन्स बायकोला सांगत असतो की पैसे साठव, अडचणीचा दिवस कधी उगवेल सांगता येत नाही. इंग्रजीत अडचणीचा दिवस म्हणजे पावसाळी दिवस. लॉटी क्लबच्या खिडकीतून खरोखरचा पाऊस बघते आणि तिला वाटतं, तो दिवस हाच की काय.

पहिल्या मसुद्यात ‘अडीनडीला असू दे’ लिहिलं. अर्थ आला, पाऊस गेला, आणि खिडकीतलं दृश्य लटकत राहिलं. आठवडाभर तळटीप देण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. विनोदाला तळटीप दिली की तो मेलाच. सुटका ‘बेगमी’ने केली. पावसाळ्याची बेगमी ही आपल्याकडे घरोघरची गोष्ट. मेलर्श म्हणतो, ‘पावसाळ्याची बेगमी हवी, कधी कोसळेल नेम नसतो.’ लॉटी खिडकीबाहेर बघते: कोसळतोय की. ओळ बसली. लागलेला वेळ: एका वाक्याला नऊ दिवस, अर्थात मधेमधे.

२ फेब्रुवारी: मिसेस

‘सौ.’ लावून दोन प्रकरणं झाली होती. मिसेस फिशर आल्या आणि गाडी अडली: त्या विधवा. मग ‘श्रीमती’ करावं तर सरकारी कागदावर ते सगळ्यांना चालतं, पण घरातल्या मराठीत अजूनही नवरा नसलेली असंच वाचलं जातं. लॉटी आणि रोझ दोघींचे नवरे हयात आहेत. मुद्दाम दोघींना सौ. आणि एकीला श्रीमती केलं, तर लेखिकेने केलेला नाही असा भेद पानोपानी दिसत राहतो. ‘मिसेस’ ठेवलं. मराठीत तो शब्द पिढ्यान् पिढ्या आहे, अवघडायचं कारण नव्हतं. दोन प्रकरणं परत चाळावी लागली.

११ फेब्रुवारी: तू आणि तुम्ही

हे काम सुरुवातीलाच करायला हवं होतं, आम्ही पाचव्या प्रकरणापर्यंत पोचून केलं. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. मराठीत प्रत्येक वाक्याला ठरवावं लागतं. एका कागदावर चौघी बायका, तीन पुरुष आणि नोकर यांचा चौकोनी तक्ता काढला: कोण कुणाला काय म्हणतं, आणि कितव्या प्रकरणापासून.

लॉटी आणि रोझ क्लबात भेटतात तेव्हा ‘तुम्ही’. ती ‘तू’वर कधी येते? मसुद्यात नकळत दुसऱ्या प्रकरणात आली होती, कारण अनुवाद करणाऱ्याला लॉटी आवडायला लागली होती. तपासताना पकडलं. खरी जागा पाचव्याच्या शेवटी आहे. दोघी रात्री, पावसात गढीवर पोचतात, आणि लॉटी म्हणते की या घरात घडणारी पहिली गोष्ट म्हणजे एक पापा असेल. मग दोघी एकमेकींना पहिल्यांदाच नावाने हाक मारतात. तिथे इंग्रजीतला जिव्हाळ्याचा शब्द ‘प्रिय’ म्हणून उतरवला तर ते पत्राचा मायना वाटतं. लिहिलं ते असं:

‘लॉटी गं,’ मिसेस आर्बथनॉट म्हणाल्या.
‘रोझ गं,’ मिसेस विल्किन्स म्हणाल्या.

त्या ‘गं’पासून पुढे दोघींमध्ये ‘तू’. निवेदन मात्र अजून ‘म्हणाल्या’वरच. लेखिका निवेदनात जिथे ‘मिसेस विल्किन्स’ म्हणते तिथे आम्ही ‘त्या’, जिथे ‘लॉटी’ म्हणते तिथे ‘ती’. नियम यांत्रिक वाटतो, पण पाळला की कादंबरी आपोआप सैल होत जाते, जशी मुळात होते.

अजून एक सापडलं. क्लबात ओळख नसताना लॉटी सांगते की तिला दोघी इटलीत दिसतायत. तिथे ‘आम्ही’ की ‘आपण’ हा प्रश्नच नाही, ‘आपण’. परक्या बाईला पहिल्या भेटीत ‘आपण’मध्ये ओढून घेणं हाच तिचा अगोचरपणा आणि हीच तिची देणगी. इंग्रजीत हा भेद सर्वनामात दिसत नाही. मिसेस फिशर आपल्या बालपणी घरी येणाऱ्या कार्लाइल, आर्नोल्ड, टेनिसन या नामवंत लेखक-कवींबद्दल बोलतात तेव्हा ‘आमच्याकडे’.

नवरा-बायकोवर वाद झाला, तो जूनमध्ये मिटला.

१ मार्च: कणी

लेडी कॅरोलाइन डेस्टरला घरचे ‘स्क्रॅप’ म्हणतात. तसंच ठेवलं तर मराठीत स्क्रॅप म्हणजे भंगार, आणि लंडनमधली सर्वांत सुंदर मुलगी भंगारवाल्याकडे जाते. ‘तुकडा’ रस्त्यावरचं. ‘चिंधी’ उपमर्द. कागदाचा ‘कपटा’ अर्थाने जवळचा होता, पण त्याचं स्त्रीलिंग ‘कपटी’ होतं, तेव्हा तो विषय हसत बंद झाला. ‘कणी’ घेतलं. तांदळाची कणी, छोटीशी, घरगुती.

तिच्या बोलण्यातही चुकलो होतो. ती तुटक, उर्मट बोलते, पण आवाज इतका गोड की ऐकणाऱ्याला उर्मटपणा कळतच नाही, हा सगळा विनोद. मसुद्यात तिची वाक्यंच गोड झाली होती. पुन्हा सगळी कोरडी केली. गोडवा ऐकणाऱ्याच्या प्रतिक्रियेत ठेवायचा, वाक्यात नाही.

१४ ते २६ मार्च: फुलं

सर्वांत जास्त वेळ इथे गेला. बारा दिवस एक ओळही पुढे सरकली नाही. शब्दकोशात फुलाचं मराठी नाव मिळालं म्हणजे झालं, हा समज महागात पडला.

पेरिविंकल. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना फुललेली. कोश म्हणतो सदाफुली. आपली सदाफुली मूळची मादागास्करची, उन्हाळी, दारातली. युरोपातली पेरिविंकल म्हणजे विंका, जमिनीसरपट पसरणारी, निळसर. कूळ एक, झाड वेगळं. ‘निळी विंका’ केलं.

मेरिगोल्ड. ‘झेंडू’ लिहिल्याबरोबर दसऱ्याचं तोरण लागतं. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. एप्रिलमध्ये भूमध्य समुद्राकाठी पेटल्यासारखा दिसणारा बहुधा कॅलेंडुला. नर्सरीवाले तेच नाव वापरतात. घेतलं.

स्नॅपड्रॅगन. नर्सरीत ‘डॉग फ्लॉवर’ म्हणतात. मराठी कादंबरीत ते शोभेना. अँटिऱ्हिनम ठेवलं. जीभ अडखळते, पण चालवून घेतलं.

जुडासचं झाड. पानं फुटायच्या आधी नागड्या फांद्यांवर गुलाबी-जांभळी फुलं. आपल्याकडे पळस आणि पांगारा असेच फुलतात, त्यामुळे वाचकाला चित्र उभं करणं सोपं. ‘पळसासारखं निष्पर्ण, पण गुलाबी’ अशी चार शब्दांची भर वाक्यातच घातली. नाव बदललं नाही, कारण येशूला दगा देणाऱ्या जुडासने त्या झाडाला गळफास घेतल्याची दंतकथा नावातच आहे.

विस्टेरिया. मराठी नाव नाही, शोधत बसू नका. पहिल्यांदा येतं तिथे ‘बहाव्यासारखे लोंबते घोस, पण जांभळे’ म्हटलं. पुढे नुसतं विस्टेरिया.

सिरिंगा. वनस्पतिशास्त्रात सिरिंगा म्हणजे लिलॅक, म्हणून मसुद्यात लिलॅक झालं. पण हे फूल महिनाअखेरच्या अशा यादीत येतं जिथे सगळंच पांढरं आहे: लिली, स्टॉक, पिंक, बँक्शिया गुलाब, सिरिंगा, जाई. जुन्या इंग्रजी बागकामात सिरिंगा म्हणजे मॉक ऑरेंज, पांढरं आणि सुवासिक. यादीच पुरावा होती, आम्ही ती नीट वाचली नव्हती.

आणि अकेशिया. हे सर्वांत वाईट. शेवट कुठे न्यायचा ते डोळ्यांसमोर असावं म्हणून शेवटचं पान जानेवारीतच करून ठेवलं होतं, आणि त्यात ‘बाभूळ’ लिहिलं होतं. कोशात तेच आहे. कादंबरी संपते ती अकेशियाच्या वासावर: सगळे टेकडी उतरून, लोखंडी फाटकातून गावात आले तरी वास येतच असतो. बाभूळ म्हटल्यावर काटे, शेळ्या आणि बांध. फुलं पिवळी, गोंड्यासारखी. युरोपात बागेत ज्याला अकेशिया म्हणतात ते बहुतेक वेळा रॉबिनिया, म्हणजे खोटी अकेशिया: पांढरे, लोंबते, घमघमणारे घोस. ‘पांढऱ्या घोसांची अकेशिया’ केलं. फाइलमध्ये ‘बाभूळ’ शोधून सगळीकडे बदललं. (झालं असं वाटलं.)

शिकलो ते एवढंच: फुलांची यादी पहिल्या आठवड्यातच काढा, प्रत्येकासमोर रंग, महिना आणि झाड की वेल ते लिहा, आणि मराठी नाव शेवटी.

९ एप्रिल: ताटातलं

मिसेस फिशरना लांबलचक, अळ्यांसारखी मॅकरोनी आवडत नाही. ती काट्यावरून निसटते. मराठीत मॅकरोनी म्हणजे दुकानातल्या आखूड वाकड्या नळ्या, त्या निसटणार कशा? पूर्ण प्रसंग कोसळतो. ‘शेवयांसारखी लांब मॅकरोनी’ केल्यावर उभा राहिला. स्पॅगेटी सोपं पडलं असतं, पण मूळ शब्द तो नाही.

मेलर्शला आवडणारा मासा सोल. हा चक्क लेपा. किनाऱ्यावरच्या वाचकाला लगेच कळतो, घाटावरच्याला निदान मासा आहे एवढं कळतं. बस.

७ मे: बंब आणि चित्रपट

मेलर्शच्या अंघोळीचा प्रसंग. पाणी तापवायच्या यंत्रणेचा स्फोट होतो आणि तो टॉवेल गुंडाळून बाहेर धावतो, तर समोर लेडी कॅरोलाइन. ‘गीझर’ लिहिलं तर भिंतीवरची पांढरी विजेची टाकी दिसते. ‘बंब’ लिहिलं आणि आग, धूर, दणका सगळं एका शब्दात आलं.

मात्र इथे दुसरीच गळती सापडली. गढीची रचना कळावी म्हणून माइक नेवेल यांचा चित्रपट दोनदा पाहिला होता. तो कास्तेलो ब्राउनमध्येच चित्रित झालाय. त्यात घरमालक ब्रिग्जची दृष्टी अधू आहे. कादंबरीत तसं काही नाही, उलट कॅरोलाइनला बघताक्षणीच तो गारद होतो. आमच्या मसुद्यात ब्रिग्ज दोन ठिकाणी ‘डोळे बारीक करून’ बघत होता. मूळ वाक्यात ते शब्दच नाहीत. काढले. मसुदा पूर्ण होईपर्यंत चित्रपट बघू नका. पायऱ्या कुठून कुठे जातात ते छायाचित्रांतूनही कळतं.

१९ जून: अहो

मेलर्श लॉटीला ‘तू’, यावर वाद नव्हता. लॉटी मेलर्शला? ‘अहो’ लावलं तर हॅम्पस्टेडचं बिऱ्हाड सदाशिव पेठेत येतं. पहिल्यापासून ‘तू’ दिलं तर लंडनमधला तिचा धाक दिसत नाही. अनुवाद करणाऱ्याचं म्हणणं, लंडनमध्ये ‘तुम्ही’, गढीवर ‘तू’. तपासणारीचं म्हणणं, मुळात सर्वनाम बदलत नाही, हे आपण घुसडतोय. दोन्ही रीतींनी एक एक प्रसंग लिहून आठवडाभर बाजूला ठेवला आणि मोठ्याने वाचला. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येताना लॉटीची भीती गेल्याचं कुठेही सांगावं लागलं नाही. तेच ठेवलं, आणि हा निर्णय आमचा आहे असं मनोगतात लिहिलं. लंडनमधले दोघांचे थेट संवाद थोडेच आहेत, म्हणून निभावलं.

३० जुलै: पैसे

महिन्याचं भाडं ६० पौंड, चौघींत १५-१५. आजच्या रुपयांत किती ही टीप दोनदा लिहिली, दोनदा खोडली. कुठलाही आकडा उद्या शिळा होतो. कादंबरीतच माप आहे: लॉटीला कपड्यांसाठी वर्षाला १०० पौंड मिळतात. ते वाक्य ठळक जागी आलंय याची खात्री केली, टीप दिली नाही.

५ ते २८ सप्टेंबर: अक्षरजुळणी

मजकूर युनिकोडमध्ये होता. अक्षरजुळणी करणाऱ्याकडे जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट. रूपांतरात ‘ॲ’ सगळीकडे नुसता ‘अ’ झाला, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ फुटले. कॅरोलाइन वाचली, पण अँटिऱ्हिनमचं काय झालं ते छापण्यासारखं नाही. आधी एका पानाचा नमुना मागायला हवा होता. त्यात ऱ्या, ऱ्ह, ॲ, ऑ, द्ध, ह्य एवढं असावं. आम्ही सरळ सगळी फाइल दिली.

हिशेब: डेमी आकार, ३०४ पानं, १६ पानी १९ फर्मे (एकत्र छापून घडी घालायचे ताव). जुळणी पानाला ३० रुपये, ९,१२० रुपये. मुद्रितशोधन पानाला १२ रुपये, ठरलेली दोन वाचनं ७,२९६ रुपये. फॉन्टच्या घोळामुळे तिसरं वाचन, ३,६४८ रुपये पाण्यात. एकूण २०,०६४ रुपये, कागद आणि छपाई वेगळी.

११ ऑक्टोबर: शेवटचं मुद्रित

तिसऱ्या वाचनाचे पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत. पान ३०२ वर, कादंबरीच्या शेवटच्या वाक्यात, टेकडीखाली ‘बाभळींचा’ वास अजून येत होता. मार्चमध्ये आम्ही ‘बाभूळ’ शोधलं होतं. सामान्यरूपात ऊ जातो, ‘बाभळी’ होतं, यंत्राला ते कसं सापडणार. मग यादीतला प्रत्येक बदललेला शब्द सामान्यरूपातही शोधला: सदाफुलीच्या, झेंडूंचे, किल्ल्यात. तेराव्या प्रकरणात एक ‘किल्ल्यात’ निघाला. पान ३०२ची दुरुस्ती हाताने करून पाठवली.